विमानाच्या पंखावर कापड चढवणे: घरच्या गॅरेजमधले काम

वातकुक्कुट (धागाकर्ता)

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये पिटनपोल एअर कॅम्पर हे दोन आसनांचे लाकडी विमान बांधतो आहे. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या लहानशा गावी राहणाऱ्या बर्नार्ड पिटनपोल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हा आराखडा तयार केला, त्यात फोर्ड मोटारीचे इंजिन बसवले, आणि तेव्हापासून आजतागायत हौशी लोक त्या आराखड्यावरून आपापल्या कोठारांत आणि गॅरेजांत विमाने बांधत आले आहेत. माझ्या पंखाचा सांगाडा पुरा झाला आहे आणि त्यावर कापड चढवण्याचे तंत्र मी सध्या शिकतो आहे. त्याविषयी मराठीतून सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. पंखावरचे कापड भार वाहते. पंख विमानाला उचलतो तेव्हा त्या उचलीचा मोठा वाटा पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी झाल्याने मिळतो. म्हणजे वरचे कापड सतत वर, सांगाड्यापासून दूर ओढले जात असते. ही ओढ कापडातून ते बांधून ठेवणाऱ्या टाक्यांत, टाक्यांतून रिबांत (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांत), रिबांतून स्पारमध्ये (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईत) आणि तिथून विमानाच्या धडात जाते. पायपर कब या प्रसिद्ध विमानाचे उदाहरण घेतले, तर त्याचे पूर्ण वजन १,२२० पौंड आणि पंखाचे क्षेत्रफळ १७८.५ चौरस फूट आहे. याचा अर्थ पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साध्या उड्डाणातही सुमारे ३३ किलो भार असतो आणि ६० अंश कलून समतल वळण घेताना तो दुप्पट होतो. म्हणून कापड कसे दिसते यापेक्षा ते कशाला आणि कसे धरून आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मी पॉली-फायबर ही पद्धत निवडली आहे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे रे स्टिट्स यांनी ती विकसित केली आणि पूर्वी ती त्यांच्याच नावाने ओळखली जात असे. तीत पॉलिएस्टरचे कापड सरसाने सांगाड्याच्या कडांना चिकटवतात, इस्त्रीने तापवून आक्रसवतात, पॉली-ब्रश नावाच्या विनाइल लेपाने त्याची वीण भरून काढतात, रिबांशी दोऱ्याने शिवतात, टाक्यांवर पट्ट्या चिकटवतात, ॲल्युमिनियमची भुकटी असलेला रुपेरी लेप फवारतात आणि शेवटी रंग देतात.

माझ्या पंखाची खालची बाजू किंचित आत वळलेली आहे. अशा पंखावर खालचे कापड आधी रिबांना चिकटवून मगच तापवावे लागते, कारण आक्रसणारे कापड कडेपासून कडेपर्यंत सरळ रेषेत ताणले जाते आणि ती खोलगट जागा सोडून देते. ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

शंकासुर

विषय नवा आणि रंजक आहे. माझ्या शंका मात्र अगदी प्राथमिक आहेत. पहिली अशी की, पॉलिएस्टरच हवे असेल तर ते इचलकरंजीच्या किंवा सुरतेच्या मागावरचे का चालू नये? साडीचे पॉलिएस्टर आणि विमानाचे पॉलिएस्टर यांत रासायनिक फरक तो काय असणार? दुसरी शंका अशी की, कार्बन फायबरच्या काळात कापडाचा हट्ट कशासाठी?

वातकुक्कुट

रासायनिक फरक जवळजवळ नाही. फरक आहे तो विणल्यानंतर कापडावर काय केले जाते यात. कपड्यांसाठीचे पॉलिएस्टर मागावरून उतरल्यावर तापवून स्थिर केले जाते, म्हणजे धुतल्यावर किंवा इस्त्री केल्यावर ते आटू नये. आम्हाला नेमके तेच आटणे हवे असते. विमानाचे कापड मागावरून उतरते तसे कोरे ठेवलेले असते. त्यावर खळ नसते, रंग नसतो, चकाकी नसते, आणि तापवल्यावर ते साधारण दहा टक्क्यांपर्यंत आक्रसते. शिवाय त्याच्या ताणबळाची चाचणी झालेली असते व कडेला तसा शिक्का असतो. माझ्यासारख्या हौशी बांधणीच्या विमानाला प्रमाणित कापड वापरण्याची कायद्याने सक्ती नाही, तरीही मी दुसरे वापरणार नाही. संपूर्ण विमानाच्या खर्चात कापडाचा वाटा लहान असतो, आणि ते पंखावर चढल्यावर त्याच्याविषयी शंका बाळगत उडणे मला परवडणारे नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर वजनात आहे. मध्यम जातीचे कापड चौरस मीटरला सुमारे ९२ ग्रॅम भरते आणि हलके कापड ५८ ग्रॅमच्या आसपास. लेप आणि रंग धरूनही हे आवरण हलकेच राहते, गॅरेजमध्ये साध्या हत्यारांनी चढवता येते आणि फाटले तर जागच्या जागी ठिगळ लावता येते.

थोडे अवांतर: माझ्या घरापासून राइट बंधूंचे गाव डेटन फार लांब नाही. त्यांनी १९०३ च्या विमानासाठी 'प्राइड ऑफ द वेस्ट' नावाची साधी सुती मलमल वापरली होती. तिला कोणताही लेप दिला नव्हता, मात्र ती तिरकी कापून लावली होती, म्हणजे धाग्यांच्या तिरप्या ओढीने सांगाड्यालाच आधार मिळावा. कापड हा रचनेचा भाग आहे हे त्यांना तेव्हाच उमगले होते.

हँगरवासी

मी निवृत्त विमान देखभाल अभियंता आहे. भारतातल्या एका फ्लाइंग क्लबमध्ये मी बरीच वर्षे पुष्पक विमानांवर काम केले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेले हे विमान १९५८ मध्ये प्रथम उडाले. त्याची जातकुळी अमेरिकेच्या एरोंका चीफची, आणि अंगावर कापड. आमच्या पिढीतल्या अनेक वैमानिकांनी पहिले उड्डाण त्यातच केले.

आमच्या काळी सुती कापड आणि डोप, म्हणजे कापडाला द्यायचा व्हार्निशसारखा लेप, असे काम चाले. सुती कापड इस्त्रीने नव्हे, तर डोपने ताणले जाते. लेप वाळताना आटतो आणि कापडाला घट्ट करतो. पावसाळा सुरू झाला की कापड दमट हवा पिऊन सैल पडे आणि उन्हाळ्यात तेच ढोलासारखे वाजे. दमट हवेत डोप मारला तर बाष्प पृष्ठभागावर धरून पांढुरका थर येई, म्हणून आम्ही पावसाळ्यात शक्यतो डोपचे काम काढत नसू आणि काढावेच लागले तर वाळण्याचा वेग कमी करणारे द्रावण मिसळत असू. सुताला बुरशीही लागते. त्यामुळे पहिल्या हाताच्या डोपमध्ये बुरशीनाशक घालावे लागे. पॉलिएस्टरला यांपैकी कशाचाच त्रास नाही.

मात्र एक शत्रू दोघांनाही समान आहे, तो म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी धागा आतून कुजतो आणि वरून रंग शाबूत दिसत राहतो. सुती 'ग्रेड ए' कापडाचे नवेपणीचे किमान बळ रुंदीच्या एका इंचास ८० पौंड असते, आणि ते ५६ पौंडांखाली म्हणजे सत्तर टक्क्यांखाली घसरले की कापड बदलावेच लागते. तपासणीला आम्ही नेहमी पंखाची वरची बाजू आणि तिथलाही गडद रंगाचा भाग निवडत असू, कारण कापड सर्वांत आधी तिथे मरते. खालची बाजू तपासून विमान ठणठणीत असल्याचा निर्वाळा देणारे लोक मी पाहिले आहेत. त्या तपासणीला काही अर्थ नसतो.

तेव्हा वातकुक्कुट, रुपेरी लेपात काटकसर करू नका. पंखाच्या आत दिवा धरा, गॅरेजमध्ये अंधार करा आणि बाहेरून पाहा. प्रकाश झिरपत असेल तर ऊनही झिरपेल. उलट बाजूची चूकही लोक करतात आणि गुळगुळीतपणाच्या मोहाने थरावर थर चढवत जातात. त्याने वजन वाढते आणि थर जाड झाला की कालांतराने तडकतो.

टाकेवाली

मी गोधड्या शिवते, त्यामुळे टाक्यांविषयी वाचायला आवडेल. पंख जाड असतो आणि आत हात जात नाही, मग सुई वरून खाली आणि खालून वर नेमकी त्याच रिबेला वेढा घालून कशी काढता? आणि एक टाका उसवला तर पूर्ण ओळ उसवत जाते का?

वातकुक्कुट

टाकेवाली, आपल्या दुसऱ्या प्रश्नात या तंत्राचे मर्म आले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पंख आडवा न ठेवता पुढच्या कडेवर उभा करतात आणि दोन माणसे दोन बाजूंना बसतात. सुई फूटभर किंवा त्याहून लांब असते. रिबेच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना, टाक्यांच्या जागा आधी आखून भोके पाडून घेतात. कापडाखाली रिबेवर एक पट्टी आधीच लावलेली असते, कारण उड्डाणात कापड आणि लाकूड एकमेकांवर घासत राहतात. कापडाच्या वरूनही रिबेच्या रेषेत मजबुतीची पट्टी घालतात, म्हणजे दोरा कापडाला कापणार नाही. मग एका बाजूने सुई आत जाते, पलीकडचा माणूस ती ओढून घेतो आणि रिबेच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवतो. अशा रीतीने वरचे कापड, रिब आणि खालचे कापड एकाच वेढ्यात बांधले जाते. दोरा पॉलिएस्टरचा आणि मेण दिलेला असतो. पट्टीसारखा चपटा दोरा मला अधिक पसंत आहे, कारण वरून लेप दिल्यावर त्याचा उंचवटा कमी दिसतो.

प्रत्येक वेढ्यावर स्वतंत्र गाठ पडते. तिला सुधारित सीन गाठ म्हणतात. मासेमारीच्या जाळ्यातल्या गाठीशी तिचे नाते आहे. ती गाठ घट्ट बसली की पुढच्या टाक्याचा ताण मागच्या टाक्याकडे जात नाही. म्हणून एक टाका तुटला तर तेवढाच तुटतो आणि शेजारचे टाके भार वाटून घेतात. गाठ बांधून झाल्यावर ती हलकेच ओढून भोकातून कापडाच्या आत सरकवता येते, त्यामुळे पृष्ठभागावर नुसता दोरा दिसतो.

दोन टाक्यांतले अंतर विमानाच्या कमाल वेगावरून ठरते. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या ४३.१३-१बी या पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात त्याचा आलेख दिला आहे. प्रोपेलरचा झोत जिथे आदळतो त्या पट्ट्यात टाके अधिक जवळ घ्यावे लागतात. मुळात एखाद्या विशिष्ट विमानाच्या निर्मात्याने जे अंतर ठरवले असेल ते कधी वाढवू नये, कमी केले तर चालते.

गाठ हातात बसेपर्यंत पंखाला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. मी दोन रिबा आणि स्पारचे तुकडे जोडून लहान चौकट बनवली आहे आणि सरस, इस्त्री, टाके, पट्टी, लेप असे सगळे आधी त्या चौकटीवर करतो. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही हौशी बांधकांची संघटना १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाली. तिच्या कार्यशाळांतही शिकाऊ माणसाला अशाच छोट्या सांगाड्यावर बसवतात.

शंकासुर

घरची इस्त्री चालते हे वाचून आश्चर्य वाटले. तिच्यावर तर 'सुती', 'रेशमी' एवढेच लिहिलेले असते.

वातकुक्कुट

इस्त्री घरचीच, पण तिच्यावरच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नाही. तळपट्टीला तापमापक लावून ती तापू द्यायची, थर्मोस्टॅट काही वेळा चालू-बंद होऊन तापमान स्थिरावले की चकतीवर आपली स्वतःची खूण करायची. प्रथम २५० अंश फॅरनहाइट, मग ३००, आणि शेवटी ३५०, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस, असे तीन टप्पे आहेत. वाफ पूर्ण बंद हवी. ३५० च्या वर गेल्यास कापड आणखी घट्ट होण्याऐवजी सैल पडू लागते आणि तो सैलपणा पुन्हा काढता येत नाही. त्याही पुढे गेल्यास ते वितळते. या कारणाने गरम हवेची पिस्तुले मी या कामापासून दूर ठेवली आहेत, कारण त्या हवेचे तापमान हाताच्या अंतरागणिक बदलते.

एका टोकापासून सुरू करून पूर्ण तापमानाने दुसऱ्या टोकाला जाऊ नये. संपूर्ण पंख पहिल्या तापमानाने, मग पुन्हा संपूर्ण पंख दुसऱ्या तापमानाने, आणि तोही आलटूनपालटून वरून व खालून, असे केले तर ओढ समान राहते. आक्रसणाऱ्या कापडाची ताकद कमी लेखू नये. ते मागची पातळ कड वाकडी करू शकते आणि रिबा आडव्या पिळू शकते. त्यासाठीच कापड चढवण्याआधी रिबांमधून एक आड एक, वर-खाली फिरणारी आधारपट्टी बांधतात, म्हणजे रिबा उभ्या राहतात. चिकटवलेल्या सांध्यांवर मात्र उष्णता कमी ठेवावी, कारण सरस तापल्यावर मऊ होतो आणि ताणाखाली सांधा सरकू शकतो.

रसायनी

मी रंग आणि द्रावकांच्या उद्योगात काम करते, त्यामुळे आतापर्यंत कोणी न लिहिलेल्या मुद्द्याकडे लक्ष वेधते. या पद्धतीतल्या सरसात आणि लेपांत मिथाइल इथाइल कीटोन आणि त्याच्या जातीची द्रावके असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि कोपऱ्यातल्या गॅसवरच्या वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये असा हीटर पुष्कळदा असतो. काम सुरू करण्यापूर्वी तो बंद करावा आणि वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत पुन्हा पेटवू नये. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची मोटर त्या वाफेच्या वाटेत नसावी.

दुसरा धोका स्थिर विद्युतभाराचा आहे. ओहायोच्या कोरड्या हिवाळ्यात पॉलिएस्टरवर कोरडे फडके फिरवले की भार साठतो, आणि त्याच वेळी आसपास द्रावकाची वाफ असेल तर एक ठिणगी पुरते. धातूचा सांगाडा असेल तर तो तारेने जमिनीशी जोडता येतो. लाकडी सांगाड्यात ती सोय नसल्याने द्रावकाने पुसण्याआधी कोरडे घासणे टाळणेच बरे.

मुखवट्यात सेंद्रिय वाफ शोषणारी नळकांडी हवीत. धुळीचा साधा मास्क येथे निरुपयोगी आहे. अखेरचा रंग दोन भाग मिसळून तयार होणारा पॉलियुरेथेन असेल, तर त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, आणि त्याची फवारणी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय करूच नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत विमानांना डोप लावणारे कामगार, ज्यांत स्त्रिया बऱ्याच होत्या, डोपमधल्या टेट्राक्लोरोइथेनमुळे कावीळ होऊन दगावले आणि त्यानंतर ते द्रावक मागे पडले. आजची द्रावके तितकी विषारी नाहीत, तरी बंद गॅरेजमध्ये उघड्या नाकाने काम करण्याइतकी निरुपद्रवीही नाहीत. हे सगळे नको असल्यास पाण्यावर आधारलेल्या लेपांची पद्धतही मिळते.

वातकुक्कुट

रसायनीताई, मनःपूर्वक आभार. हीटरचा मुद्दा मी धाग्यात वर घ्यायला हवा होता. पाण्यावर आधारलेली स्टुअर्ट पद्धत मी पाहिली आहे, आणि जर्मनीच्या लानिट्झ कंपनीचे ओराटेक्स हे आधीच रंगवलेले, लेपाची गरजच नसलेले कापडही मी हाताळून पाहिले. ओराटेक्स वजनाला फार चांगले आहे, मात्र महाग आहे. कोणतीही पद्धत घेतली तरी ती शेवटपर्यंत एकच ठेवावी. एकाचा सरस, दुसऱ्याचा लेप आणि तिसऱ्याचा रंग अशी मिसळ केली की कोणता थर कोणत्या थराला धरेल याची हमी कोणीच देत नाही.

याच संदर्भात लाकडी सांगाडा असणाऱ्यांसाठी एक सूचना: लाकडाला साधे व्हार्निश दिले असेल तर सरसातले द्रावक ते विरघळवते आणि चिकटवलेली कड व्हार्निशसकट सुटून येते. दोन भागांचे इपॉक्सी व्हार्निशच वापरावे.

हँगरवासी

आता थोडे कापड चढवण्याच्या आधीच्या कामाविषयी, कारण आमच्याकडे नवशिक्यांना त्याची फार घाई असे. पंख एकदा मढला की आतले पुन्हा सहजी दिसत नाही. आतल्या ताणतारा, कंट्रोलच्या केबल, कप्प्या, त्यांचे पिन आणि सुरक्षा तारा, वेगमापकाची नळी, दिव्याच्या वायरी, हे सगळे हलवून, ओढून पाहावे आणि प्रत्येक खणाचे, म्हणजे दोन रिबांमधल्या जागेचे, छायाचित्र काढून ठेवावे. कापडाला टोचेल असे स्क्रूचे डोके किंवा लाकडाची धार कुठेही राहता कामा नये. आपल्या संघटनेचे तांत्रिक सल्लागार घरी येऊन प्रकल्प पाहतात असे मी ऐकून आहे. त्यांना कापड चढवण्यापूर्वी जरूर बोलवा. स्वतःच्या हातच्या कामातली चूक दिसायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

टाकेवाली

टाके घातल्यानंतर त्यांवर पट्टी चिकटवतात तिच्या कडा कातरलेल्या का असतात? शोभेसाठी?

हँगरवासी

शोभेसाठी मुळीच नाही. कडा दातेरी असल्या की त्यांचे धागे सुटत नाहीत आणि चिकटण्याची कड लांब होते, त्यामुळे वारा त्या पट्टीला सहजी उचलू शकत नाही. पुढच्या कडेवर वारा समोरून येतो, म्हणून तिथे रुंद पट्टी लावतात.

शंकासुर

शेवटची शंका. चहूबाजूंनी बंद केलेल्या पंखात पाणी शिरले तर ते बाहेर कसे येते, आणि पुढे आत काही तपासायचे झाल्यास कापड फाडायचे का?

वातकुक्कुट

पाणी शिरतेच, आणि पाऊस नसला तरी तापमानातल्या बदलाने आत दव धरते. मागच्या कडेजवळ, खालच्या बाजूला, प्रत्येक खणाच्या सर्वांत खोल जागी प्लास्टिकचे छोटे कडे चिकटवून त्याच्या मधोमध भोक पाडतात. खोल जागा ठरवताना विमान जमिनीवर कोणत्या स्थितीत उभे राहते ते पाहावे. शेपटीवर टेकणाऱ्या विमानात पाणी मागे जमते. ही भोके नंतर लेपाने बुजत नाहीत ना, हे दर फवारणीनंतर पाहावे, कारण लाकडी पंखात साचलेले पाणी स्पार कुजवते.

तपासणीसाठी कप्प्या आणि जोड जिथे असतील तिथे मोठी गोल कडी लेप देण्याआधीच चिकटवून ठेवतात. त्यांच्यामधले कापड लगेच कापायचे नसते. जी जागा उघडायची वेळ येईल तेवढीच कडीच्या आतून धारदार पात्याने कापावी आणि तिच्यावर झाकण बसवावे. बाकीच्या कड्या तशाच बंद राहू द्याव्यात. खालच्या बाजूचे कापड मी चिकटवून घेतले आहे. इस्त्रीचा पहिला टप्पा झाला की रिबांजवळ ते कसे बसले आहे, याची छायाचित्रे इथेच देईन.